दोघांसाठी हायब्रिड सायकल: काय सारखं घ्यावं, काय वेगळं

रविवारी सकाळी दोघांनी मिळून सायकल चालवायची, पंधरा-वीस किलोमीटर फिरून वाटेत कुठे तरी चहा घ्यायचा, असं ठरवणारी जोडपी आता बेळगावपासून बडोद्यापर्यंत सगळीकडे दिसतात. बहुतेक जण दुकानात जाऊन एकाच मॉडेलच्या, एकाच किमतीच्या दोन सायकली घेतात. दुकानदारही “साहेबांना ही काळी, वहिनींना ही लाल” म्हणून मोकळा होतो. दोन-तीन महिन्यांत मात्र दोनातली एक सायकल जिन्याखाली जाते, आणि ती पुष्कळदा बायकोची असते. “तिला आवड नाही” असं मग घरात बोललं जातं. पण मापापेक्षा मोठी, अंगाच्या मानाने जड आणि चढाला दम काढणारी सायकल दिली, तर कुणाचीही आवड टिकायची नाही.

म्हणून खरेदीपूर्वी दोन याद्या कराव्यात. कुठल्या गोष्टी दोन्ही सायकलींना सारख्याच हव्यात आणि कुठल्या मुद्दाम वेगळ्या हव्यात. बहुतेक लोक रंग आणि किंमत सारखी ठेवतात, आणि जे सारखं असायला हवं ते कुणी बघत नाही.

हायब्रिड म्हणजे नेमकी कोणती?

रेसिंगच्या वाकड्या हँडलच्या रोड सायकलीची चाकं आणि माउंटन सायकलीचं सरळ हँडल, यांचं लग्न लावलं की हायब्रिड होते. चाक बहुधा ७०० सी मापाचं, टायर साधारण ३२ ते ४५ मिलिमीटर रुंद आणि बसणं बऱ्यापैकी ताठ. पाठ फार वाकत नाही, मानेवर ताण येत नाही, समोरची रहदारी नीट दिसते. डांबरी रस्ता, मधेच खड्डे, मधेच शेताची कच्ची वाट, असा आपल्याकडचा मिश्र मामला असतो आणि त्याला ही सायकल बरी पडते.

दुकानात सगळ्यात जास्त खपते ती मात्र जाड टायरची, पुढे-मागे सस्पेन्शन असलेली, मोटरसायकलसारखी दिसणारी सायकल. कॉलेजच्या पोराला ती शोभते. चाळिशी-पन्नाशीच्या जोडप्याला रस्त्यावर निवांत फिरायचं असेल तर तिचं वजन आणि टायरांचा घरघराट ही विनाकारण ओढलेली ओझी आहेत. स्वस्तातल्या सस्पेन्शनने धक्के फारसे कमी होत नाहीत, उलट चढाला पायातला जोर उसळीत वाया जातो आणि वजन किलो-दीड किलोने वाढतं. त्यापेक्षा ४० मिलिमीटरचा टायर आणि त्यात बेताची हवा, हे खड्ड्यांवरचं स्वस्त आणि चांगलं औषध आहे.

वजनाचा हिशेब

जुनी काळी दांड्याची सायकल वीस-बावीस किलो भरायची. आजची हायब्रिड साधारण ११ ते १६ किलोंची असते. हा फरक दोघांना सारखा जाणवत नाही. नवऱ्याचं वजन ७५ किलो आणि बायकोचं ५० किलो धरू. दोघांना १५ किलोंची एकेक सायकल दिली, तर त्याची सायकल त्याच्या वजनाच्या २० टक्के होते आणि तिची तिच्या वजनाच्या ३० टक्के. सपाटीवर हे कळत नाही. चढ लागला की लगेच कळतं. साडेअकरा किलोंची सायकल मिळाली तर तिचा आकडा २३ टक्क्यांवर येतो.

यावरून निघणारी गोष्ट बऱ्याच घरांत पटकन पचत नाही: दोघांचं मिळून जे बजेट असेल त्याचे समान वाटे करू नयेत. ज्याचं अंग हलकं, सवय कमी, त्याला हलकी आणि महागडी सायकल. दणकट असेल त्याने साध्या सायकलीवर भागवावं. समजा दोघांचे मिळून ५० हजार आहेत, तर पंचवीस-पंचवीस करण्यापेक्षा एकीला तीस आणि दुसऱ्याला वीस हा हिशेब रस्त्यावर जास्त चालतो. दोघांचा वेग जवळ येतो, मागे पडणाऱ्याला सारखं “थांबा हो” म्हणावं लागत नाही. (काही घरांत दमणारा नवरा असतो. तिथे तीस त्याला.)

गिअरच्या चालू हायब्रिड साधारण बारा-पंधरा हजारांपासून मिळतात. वीस ते तीस हजारांत ॲल्युमिनियमची फ्रेम आणि बऱ्यापैकी गिअर येतात. त्यापुढे वजन कमी होत जातं, पण दर किलोला मोजावे लागणारे पैसे झपाट्याने वाढतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल हातात आल्यावर दर कुठला लावलाय तेवढं बघावं.

फ्रेमचं माप

इथे चुकलं की बाकी सगळं चुकलं. ढोबळमानाने पाच फूट ते पाच-तीन उंचीला १५ इंची किंवा एक्स्ट्रा स्मॉल, पाच-सहापर्यंत १६-१७ इंची म्हणजे स्मॉल, पाच-नऊपर्यंत मीडियम, त्यापुढे लार्ज. कंपनीगणिक यात फरक पडतो, म्हणून आकड्यावर विसंबू नये. सायकलीच्या आडव्या दांड्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहावं, दांडा आणि अंग यांत निदान दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा हवी. सीटवर बसून हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. हात ताणले जात असतील तर फ्रेम लांब आहे. सीट पुढे सरकवून हे भागतं असं दुकानदार म्हणतो, पण तसं केलं की गुडघ्याचा हिशेब बिघडतो.

पाच फुटांहून कमी उंची असेल तर ७०० सी चाकाचा हट्ट सोडावा. लहान फ्रेमला हे मोठं चाक बसवलं की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, आणि नवख्या माणसाला पाडायला एवढं पुरे. अशांना २६ किंवा साडेसत्तावीस इंची चाकाची सरळ हँडलची सायकल, बारीक नक्षीच्या टायरची, जास्त सोयीची. नावाला ती हायब्रिड नसली तरी काम तेच करते.

दांडा खाली झुकवलेली, पाय सहज आत टाकता येतो अशी फ्रेम ‘लेडीज’ म्हणून विकली जाते. ती फक्त बायकांची असं मानायचं कारण नाही. कमरेचं किंवा गुडघ्याचं दुखणं असलेल्या पुरुषालाही पाय मागून उचलून टाकण्यापेक्षा ती बरी. सलवार-कमीज घालून चालवणार असाल तर चेनवर निदान वरून झाकण हवं; बऱ्याच हायब्रिडना ते नसतं, वेगळं बसवून घ्यावं लागतं. ओढणी कमरेला गुंडाळून बांधायची. मागच्या चाकाला ड्रेसगार्ड बसेल का, कॅरिअर लावायला फ्रेमला भोकं दिली आहेत का, हे घेण्याआधीच विचारावं. साडीवर चालवायची असेल तर हायब्रिड सोडून पूर्ण चेनकव्हरची साधी सायकलच बघितलेली बरी.

सीट मऊ असावी असं सगळ्यांना वाटतं. दुकानात गादीसारखी लागणारी सीट दहा किलोमीटरनंतर टोचायला लागते, कारण अंग तिच्यात रुततं. बसण्याची दोन हाडं नीट टेकतील एवढी रुंदी हवी, आणि ती माणसागणिक वेगळी असते. बायकांना साधारणपणे थोडी रुंद सीट लागते. सायकलीसोबत येणारी सीट दोघांनाही सारखीच दिलेली असते, एक तरी बदलावी लागेल हे धरूनच चालावं. सुदैवाने हा बदल स्वस्तातला.

गाव कुठलं, त्यावर गिअर

२१ गिअर, २४ गिअर ही जाहिरातीची भाषा. दुकानात दोन आकडे मोजावेत: पुढच्या सगळ्यात लहान चेनव्हीलला किती दाते, आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला किती. मागचा आकडा पुढच्याइतका किंवा त्याहून जास्त असेल तर चढाला सायकल साथ देईल.

हायब्रिडच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर असतो. पुढे २८ आणि मागे २८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल तेवढीच, २.२ मीटर पुढे जाते. मागे ३४ दाते असतील तर १.८ मीटर. आणि पुढे ४८, मागे १४ असा सगळ्यात जड गिअर लावला तर साडेसात मीटर. एका फेऱ्यात जितकं कमी अंतर, तितका पायाला हलकेपणा. पुढे एकच चेनव्हील असलेल्या सायकलीही आता बऱ्याच आल्या आहेत. पुढचा गिअर बदलायची कटकट नसल्याने नवख्यांना त्या आवडतात, पण तिथेही दात्यांची हीच परीक्षा लावावी.

बेळगावकरांना हा हिशेब सगळ्यात जास्त लागू. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, आणि पश्चिमेकडचा भाग सारखा खाली-वर. वेंगुर्ला रोडने हिंडलगा, सुळगा, उचगाव किंवा राकसकोप जलाशयाकडे जाणाऱ्या वाटा सकाळी सुंदर असतात, पण सपाट म्हणाव्यात अशा नाहीत. येळ्ळूरचा राजहंसगड तर सरळ चढच. इथे हलक्या माणसाच्या सायकलीला मागे ३२ किंवा ३४ दात्यांची चकती असावी. चोर्ला घाट उतरून गोव्यात जायची हौस पहिल्या वर्षी नको. वळणं, मोठ्या गाड्या आणि पावसात निसरडा रस्ता, हे निवांत फिरण्याचं प्रकरण नाही.

गोव्यात दोन्ही प्रकार आहेत. पणजी ते रायबंदर हा पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला पाँते द लिन्हारिशचा बांध आणि फेरीबोटीने पलीकडे दिवाडी किंवा चोडण, हा रस्ता नवख्या जोडप्याला घालून दिल्यासारखा सपाट. किनारा सोडून आत डोंगराकडे वळलं की जांभ्याचे छोटे पण उभे चढ सुरू होतात. गोव्याचा दुसरा शत्रू म्हणजे खारी हवा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी स्टीलच्या फ्रेमपेक्षा ॲल्युमिनियम घ्यावं, आणि चेन, नट-बोल्ट गोड्या पाण्याने पुसून तेल देत राहावं.

बडोदा अगदी सपाट. तिथे पुढे एक आणि मागे सात गिअर भरपूर झाले. उरलेले पैसे हलक्या फ्रेमवर घालावेत. ग्वाल्हेरही, किल्ल्यावर चढायचा हट्ट नसेल तर, सोपं. इंदूर शहरात फार चढ नाहीत, महूच्या पुढे जाम गेटकडे गेलं तर मात्र लागतात. माळव्याची खरी गंमत पावसाळ्यात: काळी माती टायरला धरते आणि मडगार्डमध्ये जाऊन बसते, इतकी की चाक फिरायचं थांबतं. तिथे टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर तरी फट असलेली सायकल बघावी.

हैदराबादला उंचसखल खडकाळ जमीन, त्यात रहदारी. तिथल्या जोडप्यांची सोय आउटर रिंग रोडलगतच्या २३ किलोमीटरच्या सायकल ट्रॅकने केली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकवर सौर पॅनेलचं छप्पर आहे, त्यामुळे ऊनही थोडं टळतं. गाड्यांची भीती असलेल्या जोडीदाराला सुरुवात करून द्यायला अशी जागा उत्तम.

ब्रेक

डिस्क ब्रेक दिसायला भारी, म्हणून सगळ्यांना तेच हवे असतात. वीस किलोमीटर सपाट फिरायला रिमवर दाबणारे साधे व्ही-ब्रेक पुरतात, ते हलके असतात आणि कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला जमतात. पाऊस, चिखल आणि उतार जास्त असेल, म्हणजे बेळगाव-गोवा पट्ट्यात, तर डिस्कला अर्थ आहे. त्यातही तारेवरचे डिस्क गावात दुरुस्त होतात. तेलाचे हायड्रॉलिक डिस्क हाताला फार हलके लागतात. ज्यांच्या बोटांत जोर कमी किंवा सांधे दुखतात त्यांच्यासाठी ते खरंच उपयोगी, पण दुरुस्ती जवळपास कुठे होते ते आधी विचारून घ्यावं. लहान हाताच्या माणसाला ब्रेकची लिव्हर लांब पडते. बहुतेक लिव्हरला ती जवळ आणायचा एक छोटा स्क्रू असतो, दुकानातच फिरवून घ्यावा.

सारखं ठेवायचं ते हे

पहिलं म्हणजे टायरचं माप. दोन्ही सायकलींचं एकच असेल तर खिशात एक सुटी ट्यूब दोघांना पुरते. टायरच्या बाजूला ३७-६२२ असे आकडे कोरलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७०० सी म्हणजे ६२२. जुन्या काळ्या सायकलीचं २८ इंची चाक ६३५ चं असतं, ऐकायला तेवढंच वाटतं, पण त्याचा टायर हायब्रिडला बसत नाही. खेड्यातल्या दुकानात पंक्चर निघेल, नवा टायर मिळेलच असं नाही.

दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह. स्कूटर-मोटरसायकलला असतो तसा जाड व्हॉल्व्ह दोन्ही सायकलींना असावा, म्हणजे पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर अॅडॉप्टर सोबत लागतो, आणि तो नेमका घरी राहतो. पंपावरची हवा जोरात येते, म्हणून थोडी थोडी भरायची. दगडासारखा टणक टायर म्हणजे चांगली हवा, हा आपल्याकडचा समज हायब्रिडला लागू नाही. टायरवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त पीएसआय लिहिलेलं असतं. त्या मर्यादेत हलक्या माणसाने कमी भरावी, जड माणसाने जास्त. इथे दोघांचे आकडे वेगळेच राहणार.

तिसरं ब्रेकची बाजू. एका सायकलीचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि दुसरीचा डाव्या हाताला असं सर्रास होतं. दोघं कधी ना कधी सायकली बदलून चालवणारच. घाईत चुकीचा ब्रेक दाबला की पुढचं चाक अडकून माणूस हँडलवरून जातो. तारेच्या ब्रेकमध्ये मिस्त्री थोड्या वेळात बाजू बदलून देतो. ते घेतानाच करून घ्यावं.

जोडसायकल आणि बॅटरीची

दोघांनी एकाच सायकलीवर मागे-पुढे बसायची जोडसायकल फोटोत छान दिसते. घरात ठेवायला जागा नाही, सुटे भाग मिळत नाहीत आणि वळताना दोघांचं एकमत लागतं. भाड्याने मिळाली तर एक दिवस चालवून बघावी.

बॅटरीच्या सायकलीचा विचार मात्र गांभीर्याने करण्यासारखा आहे. एकाचा दम चांगला आणि दुसऱ्याला गुडघ्याचा किंवा दम्याचा त्रास, अशा जोडीत एक साधी हायब्रिड आणि एक बॅटरीची, ही वाटणी फार चांगली जमते. २५० वॅटच्या आत मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तर केंद्रीय नियमांनुसार ती मोटार वाहनात मोडत नाही. नियम केंद्राचा असल्याने सीमा ओलांडली म्हणून बदलत नाही. वजन वीस किलोंच्या पुढे जातं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायची असेल तर विचार करावा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी कुठलीही सायकल घेण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

चालवून बघताना

ज्या कपड्यांत आणि चपला-बुटांत चालवणार, तेच घालून दुकानात जावं. दोघांनी जावं, बायकोची सायकल नवऱ्याने चालवून पसंत करू नये. दुकानासमोर गोल फेरी मारून काही कळत नाही, जवळचा एखादा चढ गाठावा. बेळगावात सकाळी रहदारी नसताना कपिलेश्वर उड्डाणपूल एकदा चढला तरी गिअर आणि दम दोन्हींचा अंदाज येतो. चढाच्या आधी गिअर हलका करायचा, चढात जोर लावत असताना नाही. ही एक गोष्ट दुकानदाराकडून शिकून घेतली तर चेन उतरायचे निम्मे प्रसंग टळतात.

सीटची उंची अशी: पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. घाबरून सीट खाली ठेवण्याची सवय फार जणांना असते, आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं की सायकललाच दोष दिला जातो. पहिले काही दिवस भीती वाटत असेल तर सीट जरा खाली ठेवून दर आठवड्याला बोटभर वर घ्यावी.

सेकंड हँड घेणाऱ्यांनी फ्रेमचे जोड उजेडात तपासावेत आणि चेन टेपने मोजावी. नव्या चेनच्या २४ कड्यांची लांबी, पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते. दीड मिलिमीटरहून जास्त वाढली असेल तर चेन बदलायला आली, आणि बहुतेक वेळा फ्रीव्हीलही. किमतीत तेवढे पैसे कमी करून मागावेत.

कुठून घ्यायची

सीमाभागातल्या लोकांना कोल्हापूर, पणजी, हुबळी, सगळीकडची दुकानं मोकळी असतात आणि पाचशे-हजार रुपयांच्या फरकासाठी शंभर किलोमीटर जाणारेही आहेत. नव्या सायकलीच्या ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा पहिल्या महिन्यात ढिल्या पडतात, चाकाचा आउट काढावा लागतो. फुकट सर्व्हिसिंग जिथून घेतली तिथेच मिळतं. दोन सायकली गाडीवर लादून परत तिकडे कोण नेणार? दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर गिअरची सायकल समजणारा मिस्त्री असेल, तर त्याच्या दुकानातून थोडी महाग घेतलेलीही परवडते. खोक्यातून घरी येणारी सायकल अर्धवट जोडलेली असते. हँडल, पायडल, ब्रेक माहीतगाराकडून बसवून घ्यावेत. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, जबरदस्तीने उजवीकडे फिरवलं तर क्रँकचे आटे जातात.

बजेट ठरवताना दोघांचं हेल्मेट, मागचे लाल दिवे, घंटी, कुलूप, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान यासाठी निदान चार-पाच हजार बाजूला ठेवावेत. आरसा एकच घ्यायचा असेल तर तो पुढे चालणाऱ्याच्या हँडलला लावावा. आणि पुढे, शक्यतो, हळू चालवणाऱ्यानेच असावं. रस्त्यावर गाड्या असतील तेव्हा बाजूबाजूने न चालता एकामागे एक.

पहिल्या महिन्यात आठ-दहा किलोमीटरच पुरेत. शंभरेक किलोमीटर झाले की दोन्ही सायकली एकाच दिवशी सर्व्हिसिंगला न्याव्यात, तारा ताणून घ्याव्यात, चाकं बघून घ्यावीत. तोवर कुणाची सीट टोचते, कुणाचे हात बधिर होतात हेही कळलेलं असतं, आणि ते तिथल्या तिथे मिस्त्रीला दाखवता येतं.